घरच्या गणपतीचे फोटो मोबाईलवर कसे काढायचे

पहिलं म्हणजे फ्लॅश बंद करा, फ्लॅशने मूर्तीचा रंग चकाकतो आणि समईचा पिवळा उजेड पार मरतो. आरती चालू असताना बाप्पाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग बाजूला सूर्याचा आयकॉन येतो तो जरासा खाली ओढा, फोटो किंचित काळोखा वाटेल पण निरांजनाची ज्योत ज्योतीसारखी दिसेल, नुसता पांढरा डाग नाही. मखरातल्या एलईडी माळांमुळे कधीकधी पट्टे येतात, आपली वीज ५० हर्ट्झची, माळा तिच्याच तालावर लुकलुकतात, म्हणून प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग्ज हाताने बदलता येतात तो मोड) शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा. माळा बंद केल्या तर उत्तमच, पण घरात ऐकतंय कोण!

आणि सगळे फोटो बाप्पाचेच नको ना. आजी उकडीच्या मोदकाला कळ्या पाडते तेव्हा ट्यूबलाईट बंद करा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, आणि तिच्या हाताच्या उंचीला खाली बसून काढा, वाफ दिसायला हवी तर मागे काहीतरी काळपट ठेवा. "आजी इकडे बघ" अजिबात म्हणायचं नाही.

विसर्जनाला दादर चौपाटीवर जाणार असाल तर सूर्यास्ताच्या आधी पोचा, समुद्र पश्चिमेला त्यामुळे ऊन समोरून येतं, डोक्यावर मूर्ती घेतलेल्या माणसाची आउटलाईन झकास मिळते. नाचणाऱ्यांसाठी शटर १/५००. गुलाल असेल तर फोन पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला, आणि भरतीची वेळ आधीच बघून ठेवा.