मामाआजोबांची विमानं फ्रेम करताना

आईचे मामा एअर फोर्सात इंजिन फिटर होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतून ट्रेनर विमानांचे आठ-दहा ब्लॅक अँड व्हाईट फोटो निघाले, ते आमच्याकडे ठाण्याला आले. पहिला फोटो मी उत्साहाच्या भरात फ्रेमवाल्याकडे टाकून आलो आणि तिथेच माती खाल्ली. त्याने कडेची पांढरी बॉर्डर कापली, फोटो हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवला आणि वर डायरेक्ट काच. मागे मामाआजोबांनी पेन्सिलीने जे काही लिहिलं होतं ते कायमचं गोंदात गेलं. चूक माझीपण, मी त्याला काही सांगितलंच नव्हतं ना. बाकीचे फोटो नंतर घरीच केले, ते कसे ते सांगतो.

आधी स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा, ६०० डीपीआयला. मग विमान कोणतं ते बघा, कारण मागचं लिखाण गेलं असेल तर साल काढायला तोच एक धागा उरतो. जाडजूड गोल नाक आणि उडताना चाकं पोटात घेतलेली दिसली तर बहुतेक हार्वर्ड, पण ते महायुद्धाच्या आधीपासूनचं डिझाईन, त्यावरून साल कळत नाही. लहानसं, निमुळत्या नाकाचं, चाकं कायम खाली आणि दोन माणसं एकामागे एक, तर एचटी-२. हे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये बनलेलं, डॉ. वि. मा. घाटगे यांच्या टीमचं, आणि घाटगे म्हणजे आपल्या गडहिंग्लजकडचे बरं का. पहिलं उड्डाण १९५१. गोंदात गेलेला माझा तो फोटो याचाच, त्यामुळे आता १९५१ नंतरचा एवढंच छातीठोक सांगता येतं. चाकं खाली पण माणसं शेजारी-शेजारी असतील तर प्रेंटिस असू शकतं. मागे शेपटीपर्यंत दोन दांडे गेलेले असतील तर व्हॅम्पायर, ते जेट आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा मधला भाग चक्क लाकडाचा, प्लायवूड आणि बाल्सा. किरण, म्हणजे आपल्याकडे बनलेलं जेट ट्रेनर, असेल तर फोटो १९६४ च्या आधीचा नाही.

आता माऊंट, म्हणजे काच आणि फोटोच्या मध्ये बसवायची, खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट. हाच खरा मुद्दा आहे, यात कंजुषी नको. जुन्या फोटोवर जिलेटीनचा थर असतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो ओल धरतो, मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. माऊंट मध्ये असला की काच आणि फोटोमध्ये दीडेक मिलिमीटरची फट राहते, तेवढी पुरते. माऊंट बोर्ड ॲसिड-फ्रीच मागा, ठाण्यात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारा, नसला तर मागवून देतात. खिडकी फोटोपेक्षा सगळीकडून थोडी मोठी कापायची म्हणजे पांढरी बॉर्डर आणि विमानाचा नंबर झाकला जात नाही. माझ्या ६ बाय ८ इंची फोटोला मी तीन बाजूंनी अडीच इंच माऊंट ठेवला आणि खाली तीन, सारखा ठेवला तर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो.

फोटो चिकटवायचा नाही. सेलोटेप नाही, डबल टेप नाही, गोंद तर नाहीच नाही. मागच्या ॲसिड-फ्री बोर्डाला चार प्लॅस्टिकचे फोटो कॉर्नर लावायचे आणि फोटो त्यात नुसता अडकवायचा, उद्या काढायचा तर निघाला पाहिजे. हार्डबोर्ड लावायचाच असेल तर सगळ्यात मागे, फोटोला टेकता कामा नये. कडांना निळसर आरशासारखी चमक दिसली तर ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते, पुसत बसू नका, घाण समजून मी एकदा पुसली होती आणि चरे पडले.

आणि फोटो आधीच काचेला चिकटलेला असेल तर ओढायचा नाही, वाफ द्यायची नाही, यूट्यूब बघून तर काहीच करायचं नाही. काचेसकट स्कॅन करा आणि तसाच ठेवा, फारच मोलाचा असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे तिथे विचारा.

फ्रेम बंद करायचं काम डिसेंबर-जानेवारीतच करा, जुलैमध्ये केलंत तर दमट हवा आतच कोंडते. नेरूळ-बेलापूरला खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर नक्कीच. मागून ब्राऊन पेपर चिकटवून टाका, झुरळं आणि धूळ आत जात नाही, आणि त्या पेपरवर विमानाचं नाव, जागा, माणसांची नावं लिहा. पेपर चिकटवण्याआधीच लिहा पण, नंतर पेन दाबलं की पेपर फाटतो.

बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत, ऊन येणारी भिंत, तिन्ही बाद. आमच्या फ्लॅटमध्ये मग पॅसेजची एकच भिंत उरली. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा म्हणजे भिंतीपासून हवा खेळती राहते. काच पुसताना स्प्रे फडक्यावर मारायचा, काचेवर नाही, ओघळ कडेने आत शिरतो.

विमानांची तोंडं कुठे करायची यावर घरात दोन दिवस वाद झाला. आई म्हणाली सगळी आतल्या बाजूला, नाहीतर दारातून बाहेर निघाल्यासारखी वाटतात. तिचं ऐकलं. आता दर वर्षी गणपतीच्या साफसफाईला सगळ्या फ्रेम उतरवून मागून बुरशी आली का बघतो, गेल्या वर्षी एका हार्वर्डच्या कोपऱ्यात ठिपके दिसले, ती अजून उघडून कपाटात ठेवलीय आणि भिंतीवर नुसता खिळा आहे.