इन्स्टाग्रामच्या ग्रिडसाठी एका चित्राचे तुकडे कसे करावेत

इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर एका ओळीत तीन पोस्ट दिसतात; चौकटींच्या या मांडणीलाच ग्रिड म्हणतात. त्यामुळे एकच मोठे चित्र सहा किंवा नऊ तुकड्यांत विभागून लावले, तर प्रोफाइल उघडणाऱ्याला ते अखंड दिसते. कापण्याचे काम पाच मिनिटांचे असते. त्याआधीचे माप आणि नंतरचा क्रम यांकडेच खरे लक्ष द्यावे लागते.

पहिला प्रश्न मापाचा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ग्रिडमधील चौकटी चौरस असत. त्यानंतर त्या ३:४ प्रमाणात उभ्या झाल्या. जुन्या मार्गदर्शनानुसार १०८० × १०८० पिक्सेलचे चौरस तुकडे टाकल्यास उभी चौकट भरण्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे सुमारे १३५ पिक्सेल ग्रिडमध्ये झाकले जातात, म्हणजे रुंदीचा मधला ८१० पिक्सेलचा पट्टाच उरतो. शेजारच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर असा एकूण २७० पिक्सेलचा भाग गायब झाला, की सरळ रेषाही तुटक दिसते. म्हणून तुकडा १०८० × १४४० पिक्सेलचाच ठेवावा. त्या हिशेबाने नऊ तुकड्यांसाठी मूळ चित्र ३२४० × ४३२० आणि सहा तुकड्यांसाठी ३२४० × २८८० पिक्सेलचे लागते. चित्र याहून बरेच लहान असेल तर ते ताणून मोठे करू नये, कमी तुकडे करावेत. धूसर झालेले नऊ तुकडे कोणालाच आवडत नाहीत.

आता चित्रावर कापण्याच्या रेषा आखून पाहाव्यात. चेहऱ्याच्या डोळ्यांवरून किंवा अक्षरांच्या मधून रेषा जात असेल, तर चित्र थोडे सरकवून घ्यावे, कारण ग्रिडमध्ये तुकड्यांच्या मध्ये बारीक फट राहतेच. शिवाय अनुसरण करणाऱ्यांच्या फीडमध्ये प्रत्येक तुकडा सुटा पोहोचतो. नुसत्या आकाशाचा निळा आयत पाहून त्यांना काहीच बोध होणार नाही, तेव्हा प्रत्येक तुकड्यात पाहण्याजोगे काहीतरी असेल असेच चित्र निवडणे शहाणपणाचे. रंग, उजेड आणि फिल्टर यांचे सर्व काम कापण्यापूर्वी, अखंड चित्रावरच उरकावे.

कापण्यासाठी मोबाइलवर अनेक तयार ॲप मिळतात. मात्र ते कोणत्या प्रमाणात कापते हे आधी तपासावे, कारण केवळ चौरस कापणारे ॲप इथे निरुपयोगी ठरते. संगणकावर गिम्प हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे: १०८० आणि २१६० पिक्सेलवर उभ्या, १४४० आणि २८८० वर आडव्या मार्गदर्शक रेषा टाकून त्या रेषांवरून चित्र कापण्याची आज्ञा दिली, की नऊ स्वतंत्र चित्रे उघडतात. वरच्या डाव्या तुकड्यापासून १ ते ९ असे क्रमांक देऊन ती जतन करावीत.

पोस्ट करताना मात्र हाच क्रम उलटा करावा. नवी पोस्ट नेहमी वर डावीकडे येते आणि जुन्या पोस्ट पुढे सरकतात, म्हणून आधी ९ वा, मग ८ वा असे करत शेवटी पहिला तुकडा टाकावा. ॲप चित्र आपोआप चौरस करत नाही ना, हे दर वेळी पाहावे आणि ३:४ प्रमाणच निवडावे.

यानंतर एखादी सुटी पोस्ट टाकली, तर सगळे चित्र एका घराने सरकून विस्कटते. ते टाळायचे तर पुढच्या पोस्ट तीन-तीनच्या गटाने टाकाव्या लागतात, आणि हे बंधन पाळणे बहुतेकांना जड जाते. वर पिन केलेल्या एक-दोन पोस्टही असाच घोळ घालतात. त्या काढाव्यात किंवा पूर्ण तीन ठेवाव्यात. ज्यांना हा जाच नको, त्यांनी आडवे लांब चित्र तीन-चार उभ्या तुकड्यांत कापून एकाच पोस्टमध्ये कॅरोसेल म्हणून, म्हणजे बोटाने सरकवत एकामागून एक पाहायच्या चित्रांची मालिका म्हणून, लावावे. तिथे तुकडे सरळ क्रमाने जोडायचे असतात आणि पुढच्या पोस्टचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही.