स्विचचं फर्मवेअर बदलताना जुनी फाइल पुसू नका

आमच्या रुग्णालयात प्रत्येक मजल्यावर सिस्को कॅटलिस्ट 2960-एक्स स्विच (उपकरणं नेटवर्कला जोडणारी पेटी) आहे. वॉर्डातले फोन, कॅमेरे, वायफाय, सगळं त्याच्याच पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर, चालतं. फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं की स्विच रीबूट करावा लागतो, आणि तो रीबूट झाला की या सगळ्यांची वीजच जाते. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरना मी आधीच सांगून ठेवते: अमुक वेळेला टेबलावरचा फोन बंद पडेल, तोवर मोबाइलवर बोला.

तरीही अपडेट टाळू नये. 2018 च्या मार्चमध्ये स्मार्ट इन्स्टॉल या, नवे स्विच दुरून सेट करण्याच्या सिस्कोच्या सुविधेतली गंभीर त्रुटी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात याच सुविधेचा गैरवापर झाला आणि तिचा 4786 क्रमांकाचा नेटवर्क पोर्ट उघडा असलेल्या कितीतरी स्विचची कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) पुसली गेली.

आधी रिलीज नोट्स वाचा. मग कॉन्फिगरेशन स्विचबाहेर कॉपी करा आणि 'शो इंटरफेसेस स्टेटस', 'शो पॉवर इनलाइन' या कमांडचं आउटपुट जपून ठेवा. नंतर कुठला पोर्ट मेला आणि कुठला आधीपासूनच बंद होता, हे त्यावरूनच कळतं.

नव्या फर्मवेअरची फाइल मी एससीपीने (फाइल सुरक्षित पाठवायची पद्धत) स्विचवर चढवते. टीएफटीपी ही दुसरी, साधी पद्धत; तिचे काही जुने सर्व्हर 32 एमबीच्या पुढे अडकतात. चढवल्यावर 'व्हेरिफाय /एमडी5' ही फाइलचा तपासणी-आकडा काढणारी कमांड चालवा आणि तो आकडा सिस्कोच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवा. जुळला नाही तर पुढे जाऊच नका. स्टॅक (अनेक स्विच जोडून एकासारखे चालवलेले) असेल तर प्रत्येक स्विचच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे आतल्या साठवणीत, फाइल हवी.

जागा करायची म्हणून चालू फाइल उडवू नका, हे मी नव्या मुलांना बजावून सांगते. 'बूट सिस्टम' या कमांडमध्ये नवी फाइल आधी, मग अर्धविराम आणि जुनी फाइल असं दोन्ही लिहा. नवी उघडली नाही तर स्विच जुनीवर येतो. 'शो बूट' बघा, कॉन्फिगरेशन सेव्ह करा.

रीबूट टोकाकडून करा: कोअरपासून (नेटवर्कच्या मुख्य स्विचपासून) सर्वांत लांबचा स्विच आधी, कोअरजवळचा शेवटी. मधलाच अडकला तर पलीकडच्या स्विचपर्यंत पोचता येत नाही. कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय स्विचशी थेट बोलायची केबल) लॅपटॉपला लावून, 9600 बॉडच्या वेगावर, स्विचसमोरच थांबा. पहिल्या बूटमध्ये मायक्रोकोडही (आतल्या चिपचं सॉफ्टवेअर) बदलला जाऊ शकतो आणि तेव्हा नेहमीपेक्षा खूप वेळ लागतो. पिंगला (स्विच जागा आहे का ते विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर येणं थांबलेलं दिसतं, जीव वरखाली होतो, पण वीज काढायची नाही. काय चाललंय ते कन्सोलवर दिसतं. स्विच 'स्विच:' या प्रॉम्प्टवर अडकलाच, तर तिथूनच 'बूट फ्लॅश:' आणि जुन्या फाइलचं नाव देऊन तो उठवता येतो.

स्विच वर आला की 'शो व्हर्जन' बघा, आधीची आउटपुट ताडून पाहा, आणि वॉर्डात जाऊन एक फोन स्वतः लावून बघा. दुसऱ्या दिवशीची ओपीडीची गर्दी स्विचने पेलली आणि लॉग स्वच्छ राहिला, की मगच पुढच्या मजल्याला हात लावा. जुनी फाइल आणखी आठवडाभर तरी तिथेच राहू द्या.