नव्वदीच्या पेशंटशी मैत्री: होम व्हिजिट सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी

माझ्या वेळी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचं होतं. त्यात गुडघा शिकवला, खुबा शिकवला, मणका तर दरवर्षी नव्याने शिकवला. पेशंट वारला तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ओपीडीत त्याची फारशी गरजही पडत नाही. फ्रॅक्चरवाला बरा होतो, पेढे देतो आणि जातो. पण तुम्ही घरोघरी जायला लागलात, त्यातही पुण्याच्या पेठांमध्ये, की डायरी ऐंशी-नव्वदीच्या माणसांनी भरते. त्यांची मुलं परदेशात असतात, नाहीतर स्वतःच साठी ओलांडलेली. अशा घरात आठवड्यातून तीनदा येणारं, हात धरून उठवणारं आणि पाऊण तास फक्त त्यांच्याकडेच बघणारं माणूस म्हणजे तुम्ही. मैत्री होणारच. आणि यातले बरेच जण तुमच्या देखत जाणार.

सीनियर मंडळी सांगतात, "फार गुंतू नकोस." सल्ला अर्धा बरोबर आहे. पैशात, इस्टेटीत, सुनेच्या गाऱ्हाण्यात अजिबात गुंतू नका. बँकेचं काम, एटीएमचा नंबर, कुठल्याही कागदावर साक्षीदाराची सही, सगळ्याला हसून नाही म्हणायचं. पण माणसातच न गुंतता नव्वदीच्या माणसाला खुर्चीतून दहा वेळा उठवून दाखवा, मग बोलू. तिशीतल्या पेशंटला परत क्रिकेट खेळायचं असतं. नव्वदीतला विचारतो, "बाई, चालून जायचंय कुठे?" ह्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ते त्या माणसाच्या आयुष्यातच शोधावं लागतं, आणि त्यासाठी आधी ते आयुष्य ऐकावं लागतं.

माझ्याकडे एक नाना होते. वय चौऱ्याण्णव. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला, वॉकरवर आले. नाना नारायण पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) केसमधून, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतून, एकेक उचलून ओळी जुळवणारे. ठरलेला व्यायाम ते शाळकरी पोरासारखा टाळायचे. मग एकदा सहज विचारलं, "नाना, केससमोर उभं कसं राहायचं?" नाना वॉकर धरून उठले आणि दाखवायला लागले. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात कप्प्यांवर. मराठीचा केस इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठा. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं; लांबच्या कप्प्यासाठी एका पायावर भार टाकून हात लांबवावा लागे. मी बघतच राहिले. तोल सुधारण्यासाठी आम्ही जे शिकवतो, ते हा माणूस चाळीस वर्षं रोज आठ तास करत होता.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाच्या ओट्यावर वाट्या मांडल्या. एकीत राजमा, एकीत हरभरे, एकीत शर्टाची बटणं. नाना ओट्याला टेकून उभे, मी मागे कमरेचा पट्टा धरून. मी अक्षर सांगायचे, ते त्या अक्षराच्या कप्प्यातून दाणा उचलायचे. कप्पा चुकला तर स्वतःवरच खेकसायचे. तोलासाठी टाइम्ड अप अँड गो टेस्ट तुम्हाला माहीतच आहे: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, १२ सेकंदांवर वेळ गेली की पडण्याचा धोका धरायचा. नाना १२ च्या आत कधीच आले नाहीत. पण घरातल्या घरात एकट्याने संडासला जायला लागले. त्या वयात मान राहतो तो तेवढ्यावर.

ऐकण्याबद्दल थोडं. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं ते पहिल्याच दिवशी विचारा आणि त्या बाजूला बसा. ओरडू नका, आवाज जरा खाली आणून सावकाश बोला. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल सुनेला विचारू नका, "जेवले का आज?" हा प्रश्न त्यांनाच. आणि तीच तीच गोष्ट पुन्हा आली तर "सांगितलंत हो नाना" म्हणू नका. नानांची गोष्ट पानशेतची होती. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पाणी छापखान्यात शिरलं, केस उलटले आणि हजारो खिळे चिखलात. पुढे किती दिवस ती मंडळी बादल्यांत खिळे धूत, निवडत बसली होती. दर वेळी मी वेगळा प्रश्न विचारायचे. मालक काय म्हणाले? पगार मिळाला का? चिखलाला वास कसला होता? त्यामुळे गोष्ट तीच असली तरी रोज थोडी पुढे सरकायची.

यात कामाचाही फायदा आहे. एका सोमवारी नाना म्हणाले, पाणी आलं तेव्हा आपण गावाला होतो. बोलता बोलता मध्येच डोळे मिटत होते. बीपी बसून ठीक, उभं केल्यावर वरचा आकडा २० हून जास्त खाली. घरच्यांना वाटलं, झोप नीट झाली नसेल. मी त्यांच्यासमोरच फॅमिली डॉक्टरांना फोन केला. लघवीचं इन्फेक्शन निघालं. म्हाताऱ्या माणसात इन्फेक्शन कधी कधी तापाऐवजी अशा घोळातून दिसतं. गोष्ट पाठ असलेल्या माणसालाच तो घोळ आधी कळतो.

त्यातून उठले, पण पहिल्यासारखे नाहीत. जेवण दोन घास, दिवसाची झोप वाढलेली. इथे नवखे फिजिओ गडबडतात. कालचा चार्ट धरून उठाबशा करून घेत राहतात, कारण थांबलो तर हरलो असं वाटतं. तसं करू नका. डॉक्टरांशी बोलून ध्येय बदला आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की आता चालवणं नाही, त्रास कमी करणं. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचेखाली हवा राहील अशी उशी, सांधे आखडू नयेत म्हणून हलकी हालचाल, जेवताना आणि नंतर थोडा वेळ डोक्याकडची बाजू उंच. हे सुनेला आणि रात्रीच्या मावशींना हातात हात धरून शिकवा. तेही फिजिओथेरपीच आहे.

सेशन बंद झालं की तुमचं येणंही बंद, असं होऊ देऊ नका. वाटेवर घर असेल तर दहा मिनिटं जा, आणि "आज फी नाही, नुसती भेटायला आले" हे आधीच सांगून टाका, म्हणजे घरचे अवघडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात नाना फारसं बोलत नव्हते. मी नुसती बसायचे. बोटं चादरीवर चालायची, ती बघायचे.

प्रत्यक्ष मृत्यू घरी झाला तर तुम्हाला फोन येऊ शकतो, कारण नंबर वरच असतो. "तुम्ही डॉक्टरच ना, दाखला द्या," असं कुणीतरी म्हणणारच. मृत्यूच्या कारणाचा दाखला आपल्याला देता येत नाही. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ वर लागतो आणि शेवटच्या आजारपणात उपचार करणारे नोंदणीकृत डॉक्टर देतात. म्हणून दिवस भरत आले असं दिसलं की हे डॉक्टर रात्री-बेरात्री येतील ना, एवढं घरच्यांना आधीच विचारून ठेवायला सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. नेत्रदानाची इच्छा असेल तर नेत्रपेढीला लगेच फोन. साधारण सहा तासांच्या आत काम व्हावं लागतं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. वयाची आडकाठी नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलंही चालतं. नानांचे डोळे दिले. छापखान्यात उलटी अक्षरं सुलटी वाचणारे डोळे होते ते, त्यामुळे घरात त्याबद्दल दुमत नव्हतं.

मग तुमचं काय? सुतक तुम्हाला नाही. ऑफिस नाही, त्यामुळे रजाही नाही. अकरा वाजता दुसऱ्या सोसायटीत गुडघा वाट बघत असतो. अमेरिकेतले दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर लिहिलं, ज्याची दखल समाज घेत नाही कारण तुमचं नातं कुठल्या खात्यात बसत नाही. ते समजल्यावर मला बरंच हलकं वाटलं. रडू येतं ते व्यावसायिक कमजोरीमुळे नव्हे. नानांची वेळ मी पुढचा आठवडाभर कुणाला दिली नाही. त्या वेळात एका मैत्रिणीला, तीही फिजिओच, अमृततुल्यात बसून सगळं सांगितलं. घरी सांगून उपयोग नसतो, घरचे म्हणतात, "अगं, चौऱ्याण्णव म्हणजे सोनंच झालं." झालं असेल. म्हणून वाईट वाटायचं थांबतं थोडंच.

भेटायला दहाव्याच्या आत जा. हातात काही नेऊ नका, "कसं झालं?" असं खोदून विचारू नका आणि निघताना "येते" म्हणू नका. तुमच्याकडे घरच्यांना माहीत नसलेलं काहीतरी असतं, ते सांगा. मी राजम्याचं सांगितलं. मुलाला वडील ओट्याशी काय करतात हेच ठाऊक नव्हतं, तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. राहिलेली फी तेराव्यानंतर एकदाच, मेसेजवर.

दुसरे पेशंट विचारतील, तेव्हा खरं सांगा. त्याच सोसायटीतल्या अठ्ठ्याऐंशीच्या आजींपासून मी लपवणार होते, पण त्यांना सकाळीच कळलं होतं. "गेले ना? चला, आमची रांग पुढे सरकली," असं म्हणून त्यांनी पाय पुढे केला, मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

नानांच्या सूनबाईंचे गुडघे आता माझ्याकडे आहेत. वय बासष्ट. व्यायाम नानांपेक्षाही जास्त टाळतात, आणि वर तक्रार, "त्यांच्याशी किती गोड बोलायचात!"