वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲक्शन फिगर एका देखाव्यात कशा जुळवाव्यात

पोळा झाला की चौथ्या दिवशी गणपती. आमच्याकडे खान्देशात पोळ्याला आणलेले मातीचे बैल पुढे देखाव्यातही उभे राहतात आणि मुलं त्यांच्या शेजारी आपले सुपरहिरो, म्हणजे हातपाय हलणाऱ्या ॲक्शन फिगर, आणून ठेवतात. मग कुठे बैल शेळीएवढा दिसतो, तर कुठे माणूस दारापेक्षा उंच. हे सगळं जुळवता येतं. त्यासाठी खोक्यावरच्या इंचांपेक्षा स्केल, म्हणजे फिगर खऱ्यापेक्षा किती पट लहान आहे ते, बघायची.

स्केल काढणं सोपं आहे. पात्राची खरी उंची सेंटिमीटरमध्ये धरा आणि तिला फिगरच्या उंचीने भागा. फिगर सरळ उभी करून टाचेपासून टाळूपर्यंत मोजा. मुकुट, शिंगं, उभे केस सोडून द्या. जी. आय. जो या सैनिकाची पावणेचार इंची फिगर म्हणजे साडेनऊ सेंमी. माणूस १७० सेंमी धरून त्याला ९.५ ने भागलं की जवळपास १८ येतात, म्हणून ती १:१८. मार्व्हल लेजेंड्स साधारण सहा इंची, १:१२. मॅकफार्लेनच्या डीसी फिगर सात इंची, त्या १:१० च्या आसपास.

आता एकच स्केल पक्की करा. मोठ्या धातूच्या गाड्या असतील तर १:१८ बरी, कारण त्या मापात गाड्या सहज मिळतात. नुसता गावाचा देखावा असेल तर मी १:१२ च सांगेन. बाहुलीघराचं फर्निचर बहुतेक याच मापाचं असतं आणि चेहरेही लांबून नीट दिसतात. या मापात दोन मीटरचं दार १६.७ सेंमी आणि ४५ सेंमी उंचीची खुर्ची पावणेचार सेंमी होते. बैल खांद्यापाशी १४० सेंमी धरला तर मातीचा बैल पावणेबारा सेंमी हवा. बाजारात जाताना पट्टी खिशात ठेवा. तळहातावर मावणारा बैल १:१८ लाच शोभतो; तिथे पावणेआठ सेंमी पुरतात.

सात इंची फिगर १:१२ च्या गावात सात फुटी ठरते. तिला राक्षस किंवा पहिलवान करा, काही कापाकापी लागत नाही. माणूस म्हणूनच हवी असेल तर आधी डोकं बघा. मोठ्या माणसाचं डोकं २२-२३ सेंमी, म्हणजे १:१२ मध्ये जेमतेम १.९. उंचीतला थोडा फरक खपतो, कारण माणसं उंच-बुटकी असतातच. डोक्यातला फरक मात्र लगेच डोळ्यात भरतो. डोकं बदलायचं असेल तर गॅसवरून उतरवलेल्या गरम पाण्यात ते मिनिटभर बुडवा, नरम झालं की हळूच ओढून काढा. हे काम मोठ्यांनीच करावं. नवं डोकं सैल बसलं तर खाचेत एम-सीलचा पातळ थर द्या आणि रात्रभर वाळू द्या. बुटक्या फिगरच्या बुटाखाली एम-सीलचा पाच मिमी तळ लावला की १:१२ च्या हिशेबाने खऱ्या मापात ती सहा सेंमीने उंच होते.

जी. आय. जो या गावात टाकायचाच असेल तर मागच्या रांगेत ठेवा. तो १:१२ च्या दोन-तृतीयांश असल्यामुळे लांब उभा असल्यासारखा वाटतो. फक्त त्याचे पाय दिसू देऊ नका. पुढे धाब्याच्या घराची भिंत आणा.

माप जुळलं तरी एक फिगर चकचकीत आणि दुसरी मंद असेल तर डोळा फसत नाही. सगळ्या साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि मॅट वार्निशचा एकच हलका हात द्या. सांध्यांत वार्निश जाऊ देऊ नका, ते चिकटतात.

देखावा उतरला की फिगर पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं आणि बारीक घोटे वाकतात. वाकलाच तर घोटा गरम पाण्यात नरम करून सरळ करा आणि तसाच धरून लगेच गार पाण्यात बुडवा.