चराईचे कुरण तिसऱ्या वर्षी विरळ का होते? या चुका टाळा

अंजन, मारवेल किंवा पवन्या ही चाऱ्याची गवते लावलेले कुरण पहिल्या पावसाळ्यात गुडघ्याला लागते. तिसऱ्या वर्षी ठोंबांच्या मधून मुरूम उघडा पडतो, कडेने तरवड आणि टाकळा आत शिरतो, आणि खापर बियाण्यावर नाहीतर पावसावर फुटते. दख्खनच्या हलक्या, अवर्षणप्रवण जमिनीत पावसाचा वाटा असतोच. पण त्याच पावसात बांधापलीकडचे कुरण टिकते आणि आपले जाते, तेव्हा जनावराने गवत कुठवर खाल्ले आणि त्याच ठोंबावर पुन्हा कधी तोंड घातले, हे आधी तपासावे.

गवत वाढते ते बुडाकडून

गवताचे पान तळाशी तयार होऊन वर सरकते. म्हणून शेंडा खाल्ला तरी तेच पान पुढे वाढत राहते. नवी पाने काढणारा वाढीचा कोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येक फुटव्यात (ठोंबातल्या प्रत्येक काडीत) जमिनीलगत, जनावराच्या तोंडाला न लागेल असा बसलेला असतो. फुलोऱ्याची तयारी सुरू झाली की कांड्या लांबतात आणि हा कोंब वर येतो. त्या वेळी तो खाल्ला गेला, तर तो फुटवा संपला. पुढचे गवत बुडख्यावरच्या डोळ्यांमधून नव्याने फुटावे लागते.

हे नवे फुटवे सुरुवातीचे काही दिवस बुडखा आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर जगतात. त्यानंतर उरलेली हिरवी पाने कमावतात. पानच उरले नसेल, तर सगळा भार साठ्यावर येतो आणि मुळे आखडतात. निम्म्यापर्यंत पाला गेला तरी मुळांची वाढ जवळजवळ चालू राहते. ८० टक्क्यांवर गेला, तर ती दहा-बारा दिवस ठप्प होऊ शकते. वीतभर खोलीच्या मातीत जुलैमध्ये पावसाचा खंड पडला आणि नेमकी तेव्हाच मुळे थांबलेली असली, की ठोंब मरतो. खालच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

पहिल्या हिरवळीवर जनावरे सोडणे

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. जूनच्या दोन पावसांनंतर कुरण हिरवे दिसते, पण ती हिरवळ गवताने खर्चून उभी केलेली असते, अजून काही कमावलेले नसते. त्याच आठवड्यात शेरडे-मेंढ्या आत गेल्या, तर वर्षभराची शिल्लक पंधरा दिवसांत उडते.

अंजन आणि मारवेल २५ ते ३० सेंमी होईपर्यंत फाटक बंद ठेवा. पाऊस वेळेवर असेल तर हे साधारण जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात होते. मधल्या दीड महिन्यासाठी कडबा आणि वाळलेले गवत उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावे लागते. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्याचे कुरण जूनमध्येच मोडते, मग पुढे कितीही शिस्तीने चारले तरी भरून निघत नाही.

नव्या लागवडीला पहिल्या वर्षी चराई नकोच. बी पडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विळ्याने १० सेंमी वर कापून चारा बाहेर न्या. दुसऱ्या वर्षी सोडण्याआधी मूठभर गवत धरून जनावराच्या हिसक्यासारखे झटक्याने ओढा. पाने तुटली आणि ठोंब जागेवर राहिला, तर कुरण तयार आहे. मुळासकट हातात आले, तर अजून थांबा.

बी उगवलेच नाही, ही तक्रार बरेचदा ताज्या अंजन बियाण्याची असते. अंजनाच्या नव्या बियाण्याला सुप्तावस्था असते, म्हणजे ते काही महिने उगवतच नाही, म्हणून मागच्या हंगामाचे, सहा-आठ महिने ठेवलेले बी वापरा. एकरी दोन-अडीच किलो बी तिप्पट-चौपट ओलसर मातीत कालवून फेका, म्हणजे केसाळ बी वाऱ्याने उडत नाही. ते एक-दीड सेंमीपेक्षा खोल गाडू नका. गवताबरोबर लावायच्या स्टायलो या द्विदल चाऱ्याच्या बियाचे कवच कडक असते: ८० अंश तापलेल्या पाण्यात चार मिनिटे बुडवा, मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. मारवेल मात्र मुळे असलेल्या ठोंबांनी लावणेच सोपे.

बुडापर्यंत खाऊ देणे

जनावर बाहेर काढताना मागे किती गवत उरले, हे बघायची सवय कमी. मारवेल किमान ८ ते १० सेंमी, अंजन आणि पवन्या १० ते १५ सेंमी, गिनी गवत २० ते ३० सेंमी उरले पाहिजे. अंजन-मारवेलसाठी एका काठीवर १० आणि ३० सेंमीला रंगाचे पट्टे मारा: खालचा पट्टा बाहेर काढण्याचा, वरचा आत सोडण्याचा. कुरणात दहा-बारा ठिकाणी काठी उभी करून बघा. फाटकाजवळच बघितले तर फसाल, कारण पाण्याच्या आणि सावलीच्या बाजूला गवत नेहमीच जास्त खुरटलेले असते.

कोण चरते यावरही बरेच अवलंबून आहे. गाय-म्हैस जिभेने वेटोळे घालून गवत ओढते, त्यामुळे ती फार खालून खाऊ शकत नाही. मेंढी ओठ आणि दात लावून जमिनीलगत कुरतडते. गायींच्या मागोमाग त्याच तुकड्यात मेंढ्या घालणे म्हणजे शिल्लक पाला साफ करणे. शेळीला मुळात झाडपाल्याची ओढ. नुसत्या गवतावर शेळ्या पोसायच्या ठरवल्या तर ना शेळी सुधारते, ना कुरण. बांधावर सुबाभूळ, शेवरी लावा.

मोजमाप न करता जनावरे ठेवणे

एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी किंवा बांबूची चौकट करा. कुरणात पाच-सहा ठिकाणी, चांगली-वाईट जागा न निवडता टाका. आतले गवत जेवढे मागे ठेवायचे त्या उंचीवर कापा, वजन उतरायचे थांबेपर्यंत उन्हात वाळवा आणि सरासरी काढा. चौरस मीटरला २५० ग्रॅम सुका चारा निघाला, तर एकरी साधारण १००० किलो. तुडवणी, शेण-मूत आणि न खाल्लेले धरून त्यातला निम्माच हिशोबात घ्या: ५०० किलो. तीस किलोची शेळी किंवा मेंढी दिवसाला किलोभर सुका चारा खाते. म्हणजे २० जनावरांना हा एकर २५ दिवस पुरतो. २५ वरून ४० दिवस ताणले, की ते १५ दिवस बुडख्यातून वसूल होतात.

कॅलेंडर बघून तुकडा बदलणे

कुरणाचे चार तुकडे, प्रत्येकात सात दिवस, एकवीस दिवस विश्रांती: हा आराखडा कागदावर छान दिसतो. भर पावसात, ओल असताना तो चालतोही. पण सात दिवसांपेक्षा जास्त मुक्काम ठेवू नका. वाढीच्या दिवसांत चार-पाच दिवसांतच नवा कोंभ दोन-तीन सेंमी वर येतो आणि जनावर जुन्या पाल्यापेक्षा तोच कोवळा कोंभ शोधून खाते. एकाच मुक्कामात तोच ठोंब दोनदा खाल्ला गेला, की विश्रांतीला अर्थ उरत नाही.

विश्रांतीचे दिवस गवताला विचारून ठरवा. जनावरे निघाल्यावर दहा फुटव्यांना रंगीत दोरा बांधा आणि नवी पाने मोजा. बहुतेक फुटव्यांवर चौथे नवे पान उघडले की तुकडा तयार. त्याहून फार थांबलात तर खालचे पान पिवळे पडून वाया जाते. ऑगस्टमध्ये हे २५ ते ३५ दिवसांत होईल. खंड पडला तर दीड-दोन महिने लागतील. ऑक्टोबरमध्ये ओल गेल्यावर खाल्लेले गवत पुढच्या जूनपर्यंत परत येणार नाही, असेच धरून चाला. अशा वेळी फिरवाफिरव थांबवून जनावरे गोठ्यात बांधणे परवडते.

उलटी चूकही होते. जनावरे कमी आणि तुकडा मोठा असला, की ती ठरावीक जागीच चरतात आणि बाकीचे गवत जुनाट होते. अंजनाचा ठोंब मधोमध वाळून कडेने तेवढा हिरवा दिसत असेल तर हेच झाले आहे. पावसाच्या तोंडावर असे ठोंब एकदा १० सेंमीवर छाटून जुने खुंट बाहेर काढा.

ओल्या रानात आणि दवात चराई

काळ्या जमिनीत मोठ्या पावसानंतर वाफसा (पाय रुतणार नाही एवढीच ओल) येईपर्यंत जनावरे आत नेऊ नका. खुरांनी जमीन दाबली जाते, वाढीचे कोंब चिरडतात. दुसरा धोका जंतांचा. लेंड्यांतून निघालेल्या जंतांच्या अळ्या ओलाव्याच्या थरातून गवतावर चढतात, आणि त्यांतल्या बहुतेक खालच्या पाच सेंमीत असतात. त्यामुळे खुरटलेल्या कुरणात चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना जंत जास्त. पापणीची आतली बाजू फिकट पडली, जबड्याखाली सूज आली, तर औषधाबरोबर गवताची उंचीही बघा. पावसाळ्यात दव सुकल्यावरच चरायला काढा.

युरिया टाकून लगेच चारणे

कोरडवाहू कुरणाला एकरी ३५ किलोच्या आसपास युरिया दोन हप्त्यांत पुरतो, तोही जमिनीत ओल असतानाच. टाकल्यावर चांगला पाऊस होऊन तीन आठवडे जाईपर्यंत चराई नको. दाणे पोटात गेले तर विषबाधा होते, आणि खतानंतर पाण्याचा ताण बसला तर गवताच्या खालच्या कांड्यांत जनावराला विषारी ठरणारे नायट्रेट साठते. स्टायलो मिसळलेल्या तुकड्यात युरियाने गवत माजते आणि स्टायलो सावलीत मरते. तिथे तो टाळलेलाच बरा. स्टायलोचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडू दिले, तर पुढच्या वर्षी पेरायची गरज राहत नाही.

कुसळी वाढू देणे, वणवा लावणे आणि उशिरा कापणी

पवन्या, मारवेल कमी होऊन कुसळी (टोकदार कुसळांचे गवत) पसरायला लागली, की चराईचा ताण वाढल्याची ती खूण. कोवळी कुसळी जनावरे आवडीने खातात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कुसळे यायच्या आत ती चारून किंवा कापून घ्या. नंतर तेच कुसळ लोकरीत रुतते, तोंडात जखमा करते आणि ओल लागली की पीळ घेत जमिनीत घुसते. तिला पाडायला मार्चमध्ये आग लावणे ही चूक वर चूक: आगीत कुसळीचेच फावते, चांगली गवते मागे पडतात. राख झालेल्या रानात दिसणारी हिरवळ पुन्हा साठ्यावरचीच असते, आणि आजूबाजूला चारा नसल्याने गावाची सगळी जनावरे तिच्यावर तुटून पडतात.

उभे गवत उन्हाळ्यासाठी राखायचे म्हणून फेब्रुवारीपर्यंत ठेवले, तर हातात काडीच येते. प्रथिने ३-४ टक्क्यांवर घसरतात; ७ टक्क्यांच्या खाली पोटातले सूक्ष्मजीव उपाशी राहतात आणि जनावर खाणेच कमी करते. निम्म्या फुटव्यांना फुलोरा आला की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, कापून सावलीत वाळवा. उशीर झालाच असेल, तर १०० किलो वाळल्या गवताला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा आणि प्लॅस्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर पसरून वास जाऊ द्या, मग थोडे-थोडे सवय लावत घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि करडांना हा चारा देऊ नका.

आग लागून गेलेला तुकडा त्या वर्षी पूर्ण बंद ठेवा, बी पडेपर्यंत.