कलमावर दुहेरी दोर, रायवळावर एकेरी: बांडगूळ काढायला चढण्याआधी

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा बागांत झाडावरची कामं सुरू होतात. बांडगूळ काढायचं, पावसाळ्यात मोडून अडकलेल्या आणि वाळलेल्या फांद्या उतरवायच्या, जुन्या उंच झाडांची पुनरुज्जीवनासाठी छाटणी करायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही कामं उरकावी लागतात, कारण त्यानंतर मोहोराची धांदल असते. बहुतेक बागांत गडी कमरेच्या आकडीला कोयता लावून नुसत्या हातापायांवर वर जातो. दोर असलाच तर तो तोडलेली फांदी खाली सोडायला असतो, माणसासाठी नसतो. यंदा आधी माणसासाठी दोर घ्या. तो कसा लावायचा, हे झाड बघून ठरवा.

पद्धती दोन आहेत. दुहेरी पद्धतीत दोर वरच्या फांदीवरून टाकून दोन्ही पदर खाली घेतात. एक टोक हार्नेसला (कमर आणि मांड्यांभोवती बांधायच्या पट्ट्यांना) बांधतात आणि दुसऱ्या पदरावर ब्लेक किंवा प्रुसिकसारखी आवळगाठ मारतात. वजन पडलं की गाठ धरते, हाताने दाबली की सरकते. माणूस वर चढतो तसा दोर फांदीवरून फिरत राहतो. वजन दोन पदरांत वाटलं जातं, म्हणून हाताला ओढ कमी लागते. मात्र एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. एकेरी पद्धतीत दोर जागचा हलत नाही. तो शेंड्याकडे फांदीला आवळून किंवा खाली बुंध्याला बांधून पक्का करतात आणि माणूस एकाच पदरावरून चढ-पकडी (दोरावर वर सरकणारी, वजन पडलं की धरणारी पकड) व पायफासा वापरून वर जातो.

हापूसच्या कलमासाठी माझं मत स्पष्ट आहे: दुहेरी दोर. कलमाला पहिलं बेचकं खाली असतं, घेर रुंद असतो आणि बांडगूळ बहुधा आडव्या फांद्यांच्या टोकाकडे असतं. तिथे वर-खाली, आत-बाहेर सारखं फिरावं लागतं. दुहेरी दोरावर तीच गाठ चढायलाही चालते आणि उतरायलाही, वेगळी साधनं लागत नाहीत. नवशिक्यालाही ती लवकर जमते. काम झालं की एक टोक सोडवून दोर खालून ओढून घेता येतो. तोटा एवढाच की फिरणारा दोर सालीवर घासतो, साल सोलते, दोर झिजतो आणि आंब्याचा चीक लागून गाठ अडकू लागते. त्यासाठी फांदीभोवती दोन कड्यांचा पट्टा घालून दोर कड्यांतून न्यावा.

रायवळाची, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याची, गोष्ट वेगळी. जुन्या रायवळाचा बुंधा सरळ उंच जातो आणि पहिली फांदी बरीच उंचावर मिळते. तिथवर दुहेरी दोराने जाताना हात भरून येतात, आणि थकलेल्या हातात कोयता धोक्याचा. एकेरी दोरावर चढाई पायांच्या जोरावर होते, म्हणून अशा झाडाला तीच योग्य. पण उतरण्याची सोय आधी पाहा. साध्या आवळगाठीवर पूर्ण वजन एकाच पदरावर येतं. गाठ घट्ट बसते आणि सरकवायला गेलं तर हलत नाही, नाहीतर एकदम सुटते. चढ-पकडी फक्त वर जायला असते. उतरणीचं वेगळं साधन आणि ते वापरण्याचा सराव नसेल, तर एकेरी दोर लावू नका.

आता वजनाचा हिशेब, कारण खरी चूक इथे होते. अवजारांसह माणूस ८० किलोचा धरा. दुहेरी दोरात, किंवा शेंड्याला आवळलेल्या एकेरी दोरात, फांदीवर साधारण तेवढाच भार येतो. पण एकेरी दोर फांदीवरून नेऊन खाली बुंध्याला बांधला, तर दोन्ही पदर ताणले जातात आणि फांदीवर ढोबळ मानाने १६० किलो येतात. हिसका बसला तर आणखी. म्हणून बुंध्याला बांधायचं असेल तेव्हा फांदी अधिक जाड आणि खोडाला लागून असलेली निवडा.

फांदी कोणतीही असो, ती जिवंत आणि आधाराच्या जागी किमान दहा सेंटिमीटर जाड हवी. बेचक्यात साल आत दबलेली दिसली तर ते टाळा. भिरुडाचा (खोड पोखरणाऱ्या किडीचा) भुसा गळत असेल, ढोली असेल, बुंध्याशी अळिंबी उगवली असेल तर त्या आधारावर चढू नका. जांभूळ आणि शेवगा ठिसूळ, त्यांना दोराचा भरवसा देऊ नका. चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून पाहावं. हुंबल्यांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी आणि आग्यामोहोळ हेही खालूनच पाहून घ्यावं.

माडाला यातलं काहीच लागू नाही. झावळीवर दोर टाकून चढणं म्हणजे जीव टांगणं. तिथे शिडी-यंत्र आणि कमरपट्टाच हवा.

कापताना मुख्य दोराशिवाय दुसरा छोटा दोर फांदीभोवती घेऊन हार्नेसला अडकवा. कोयत्याचा एक चुकार घाव दोर तोडायला पुरतो. कापायच्या फांदीपलीकडे स्वतःला बांधू नका. बांडगूळ मुळाशी खरवडून भागत नाही, त्याची मुळं लाकडात शिरलेली असतात. त्यामुळे फांदी बांडगुळाच्या जोडाच्या थोडी खाली, खोडाच्या बाजूला कापा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर).

खाली जाणता माणूस असल्याशिवाय कुणालाही वर पाठवू नका. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लोंबकळत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबता येत नाही. त्याला खाली कसं आणायचं हे चढण्याआधी ठरलेलं असावं. एकेरी दोर बुंध्याला बांधताना तो सोडता येईल अशा साधनात घेतला आणि दोर आधाराच्या उंचीच्या तिपटीहून थोडा लांब ठेवला, तर खालचा माणूस वरच्याला उतरवू शकतो. मात्र खालच्या त्या गाठीजवळ कुणी कोयता चालवू नये. १०८ ला फोन करणारा तिसरा माणूस असेल तर उत्तम. जवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्यावरच चढा.

दोर चढाईसाठीच बनवलेला, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, आतला गाभा आणि वरचं विणलेलं आवरण असलेला घ्या. बाजारातली काथ्याची किंवा प्लॅस्टिकची दोरी माणसाला चालत नाही. दोराच्या मोकळ्या टोकाला जाड अडथळागाठ मारा, म्हणजे उतरताना आवळगाठ टोकावरून निसटणार नाही. दुहेरी पद्धतीत १२ मीटरवरच्या आधारासाठी ३० मीटर दोर लागतो. पहिला सराव कमरेएवढ्या उंचीवर, जाणकाराकडून शिकूनच करा. दोर कीटकनाशकाच्या खोलीत ठेवू नका. मोठा हिसका बसला किंवा आवरण फाटून गाभा दिसला, तर त्याच दिवशी दोराचे तुकडे करून टाका, म्हणजे दुसरा कुणी तो उचलून चढणार नाही.